नोतर, वेन, नोतर

पेटी मी शाळेत असल्यापासून वाजवतो. भजनी मंडळात साथीला बसायचो, तेव्हा डावा हात भाता मारतोय हे माझ्या लक्षातही यायचं नाही. त्यामुळे नोकरीसाठी स्लोव्हेनियात, लुब्ल्यानाला आल्यावर फ्रायतोनारित्सा शिकायचं ठरवलं, तेव्हा हिशेब सोपा होता: निम्मं तर आपल्याला येतंच.

येत होतं, पण नको ते निम्मं.

फ्रायतोनारित्सा म्हणजे बटणांचा अकॉर्डियन. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात त्याला स्टायरिश हार्मोनिका म्हणतात. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात दिसतो तो पियानोसारख्या पट्ट्यांचा. त्यात भाता ओढा नाहीतर दाबा, सूर तोच. इथे बटण तेच, पण भाता आत ढकलला तर एक सूर आणि बाहेर ओढला तर दुसरा. सिरिल डेमियननं 1829 मध्ये व्हिएन्नात ज्या अकॉर्डियनचं पेटंट घेतलं, त्यातही हीच गंमत होती. लोकांनी पुढे सोपी वाद्यं केली. आल्प्सच्या या बाजूला मात्र ही खोड जिवापाड जपली.

माझे गुरुजी रादोव्लित्साजवळच्या खेड्यातले निवृत्त सुतार. त्यांना इंग्रजी येत नाही, माझं स्लोव्हेनियन दुकानात पाव मागण्यापुरतं. पहिल्या दिवशी त्यांनी एक वाल्त्झ, म्हणजे तीन मात्रांची नाचाची चाल, वाजवून दाखवला आणि मी खुणांनी सांगितलं, वाद्य बेसूर लागलंय, दुरुस्तीला टाकायला हवं. ते खो खो हसले. एका सुरासाठी दोन-तीन रीड, म्हणजे धातूच्या पात्या, असतात आणि त्या मुद्दाम एकमेकींपासून केसभर सरकवून लावतात. त्या घासण्यातून तो थरथरता, खुला आवाज येतो. दोन्ही रीड तंतोतंत जुळल्या पाहिजेत या हट्टात वाढलेल्या माझ्या कानाला हे पटायला महिना गेला.

शिकवणं सगळं पो पोस्लुहू, म्हणजे कानानं. बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारी खास लिपी आहे आणि पुष्कळ जण तीवरूनच शिकतात. गुरुजींनी ती वही कपाटातून काढलीसुद्धा नाही. ते एक तुकडा वाजवणार, मी तो परत वाजवणार. मी अडखळलो की 'पोचासी', हळू. मग 'शे एनक्रात', पुन्हा एकदा. आणि या सगळ्यावर, होडी वल्हवून घेतल्यासारखं, 'नोतर! वेन! नोतर!' आत, बाहेर, आत.

मी घरी येऊन ते सारेगममध्ये मांडलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एका रांगेत भाता दाबताना सा, ग, प मिळतात. ओढताना रे, म, ध, नी. म्हणजे नुसतं 'सा रे ग' म्हणायचं तर आत, बाहेर, आत. भूप वाजवून पाहिला: रे आणि ध आले की भाता उलटा. पाच सुरांच्या रागात हाताला इतका व्यायाम मी कधी दिला नव्हता! पण त्याचा फायदाही दिसला. भाता दाबताना शेजारची दोन बटणं एकदम दाबली तरी कानाला टोचत नाही, कारण ते सूर एकाच कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीतले. इकडच्या चाली जोडीनं चालल्यासारख्या वाटतात त्या त्यामुळेच.

खरी फजिती डाव्या हाताची झाली. त्यानं भाता ओढायचा, दाबायचा आणि शिवाय खर्ज आणि कॉर्डची बटणंही वाजवायची. वाल्त्झला एक खर्ज, दोन कॉर्ड; दोन मात्रांच्या पोल्का नाचाला हुम्-पा, हुम्-पा. तिसऱ्या महिन्यात मी एक पोल्का शेवटपर्यंत नेला, आणि शेवटच्या ओळीला भाता पूर्ण उघडलेला! पुढचा सूर ओढूनच येणार आणि ओढायला जागाच नाही. मी हात फाकून सुळावर चढवल्यासारखा बसून राहिलो. अशा वेळी आवाज न करता हवा सोडायला डाव्या अंगठ्यापाशी एक बटण असतं. अंगठ्याचं ते बटण म्हणजे गवयाचा श्वास, हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक सवय मोडावी लागली. पेटीवर सूर मध्येच तुटला की आमचे बुवा टाळ थांबवून बघायचे. इथे मी सूर तोडत नाही म्हणून बोलणी खाल्ली. गुरुजी माझ्या पोल्काला 'चिखलातला' म्हणत. प्रत्येक सूर आखूड हवा, मध्ये फट हवी. त्या फटीत नाचणाऱ्याचा पाय उचलला जातो.

मला वाजवायचं होतं 'ना गोलित्सी'. गोलित्सा हा कारावांके पर्वतरांगेतला डोंगर. मे महिन्यात त्याच्या उतारावर पांढरे नार्सिसस फुलतात. ही धून बेगुन्येच्या अव्सेनिक बंधूंची. तिथे त्यांच्या घरच्या खानावळीत मी मुद्दाम जेवून आलो. पण स्लाव्को अव्सेनिक वाजवायचे ते पट्ट्यांचा अकॉर्डियन, आणि गुरुजींचं दैवत लोय्झे स्लाक, ज्यांनी बटणांच्या या गावठी वाद्याला रेडिओवर मान मिळवून दिला. त्यामुळे आधी स्लाक, मग बाकीचे. दीड वर्ष झालं, 'ना गोलित्सी'चा पहिला भाग येतो. दुसऱ्याबद्दल विचारू नका.

परवा गणपतीला कराडला गेलो होतो. आरतीला पेटी पुढ्यात आली. पहिली ओळ नीट गेली, आणि मग 'रे'वर डावा हात थांबला. भाता कुठल्या बाजूला न्यायचा, याची तो वाट बघत होता. आवाज बसला. घंटा हलवता हलवता काका ओरडले, "अरे, भाता मार की!"