मॉरिशसचे पक्षी: गेलेले आणि राखलेले

सुरतेच्या इंग्रज वखारीत १६३० च्या आसपास मॉरिशसचे दोन डोडो, म्हणजे आज नामशेष झालेले न उडणारे पक्षी, होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने ते तिथे पाहिले आणि आपल्या प्रवासवृत्तांतात त्यांची नोंद करून ठेवली. त्याच्या थोडे आधी मुघल चित्रशाळेतही डोडोचे एक चित्र काढले गेले होते. ते जहांगीरच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचे मानले जाते आणि आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. त्या चित्रात डोडोच्या भोवती पट्टकादंब आणि पखुर्डी हे आपल्या ओळखीचे पक्षी आहेत. युरोपातल्या अनेक चित्रकारांनी डोडो बेढब, थुलथुलीत आणि काहीसा हास्यास्पद रंगवला, कारण त्यांच्यापुढे बहुधा पिंजऱ्यात कोंडून खाऊ घातलेले किंवा पेंढा भरलेले नमुने होते. मन्सूरचा डोडो अंगाने सुटसुटीत आणि पायांवर नीट तोललेला आहे. डोडोच्या रंगरूपाविषयीचा एक अत्यंत विश्वसनीय पुरावा म्हणून अभ्यासक या चित्राकडे पाहतात, आणि हा पुरावा आपल्या भूमीवर तयार झाला याचे मला फार अप्रूप वाटते.

मॉरिशस हे हिंदी महासागरातून वर आलेले ज्वालामुखीजन्य बेट असून ते कोणत्याही खंडाला कधीच जोडलेले नव्हते. माणूस येईपर्यंत तिथे वटवाघळे सोडली तर एकही सस्तन प्राणी नव्हता. उडत येऊन पोचलेल्या कबुतरांच्या एका वंशाला तिथे उडण्याची गरज उरली नाही आणि लाखो वर्षांत त्यातून सुमारे मीटरभर उंचीचा डोडो घडला. त्याचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग म्हणजे निकोबारी कबूतर, हे जनुकीय अभ्यासातून २००२ मध्ये स्पष्ट झाले.

डच खलाशी १५९८ मध्ये या बेटावर उतरले. मुख्य बेटाजवळच्या एका लहानशा बेटावर जहाज फुटून अडकलेल्या वोल्कर्ट एव्हर्ट्झ याने १६६२ मध्ये पाहिलेले डोडो ही त्या पक्ष्याची शेवटची सर्वमान्य नोंद समजली जाते. काही डोडो त्यानंतरही दोन-तीन दशके जंगलात तग धरून असावेत, असा संख्याशास्त्रीय अंदाज आहे. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरे. परंतु एवढ्या घनदाट बेटावर मूठभर माणसांच्या हातून सगळी जात संपली असती, असे मला वाटत नाही. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे हे त्याहून मोठे संकट होते. डोडो जमिनीवर घरटे करी आणि एका वेळी एकच अंडे घाली. अशा पक्ष्याच्या घरट्यावर डुकराचा मोर्चा वळला की त्या विणीचे सगळे संपले. डोडो मूर्ख होता म्हणून नष्ट झाला, हे अजूनही सर्रास ऐकू येते आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो. ज्या शत्रूंची त्याच्या पूर्वजांना कधी गाठच पडली नव्हती, त्यांना ओळखण्याची अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी?

डोडोच्या प्रसिद्धीमुळे त्याच्याबरोबर गेलेले इतर पक्षी विस्मरणात गेले. न उडणारी लाल पाणकोंबडी, प्रचंड चोचीचा पोपट, स्थानिक घुबड आणि निळे कबूतर हे सगळे एकामागून एक संपले. पूर्वेला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर असलेले रॉड्रिग्ज बेटही मॉरिशस देशाचाच भाग असून तिथे डोडोचा भाऊबंद शोभेल असा सॉलिटेअर हा पक्षी होता. फ्रान्सुआ लेगा हा निर्वासित फ्रेंच गृहस्थ १६९१ मध्ये तिथे जाऊन राहिला आणि त्याने या पक्ष्याचे अतिशय आपुलकीने वर्णन केले: नर-मादी जोडीने राहतात, अंडे आळीपाळीने उबवतात, आपल्या हद्दीत परक्याला येऊ देत नाहीत आणि भांडताना पंखांवरच्या हाडाच्या गाठीने प्रहार करतात. ही गाठ म्हणजे कल्पनाविलास आहे असे वाटणाऱ्यांना पुढे गुहांमध्ये सापडलेल्या हाडांनी उत्तर दिले, कारण गाठ हाडांवर स्पष्ट दिसत होती. अठराव्या शतकात सॉलिटेअरही नामशेष झाला.

पुढच्या काळातले काही पाहुणे मात्र थेट आपल्या अंगणातले आहेत. टोळांच्या बंदोबस्तासाठी फ्रेंचांनी १७६० च्या दशकात भारतातून मॉरिशसला साळुंकी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपला नेहमीचा पोपट आणि शिपाई बुलबुल तिथे पोचले. १९०० च्या सुमारास उंदरांचा नायनाट करण्यासाठी मुंगूस आणले गेले आणि त्यांनी उंदरांबरोबर पक्षीही खाल्ले. शिपाई बुलबुल आपल्याकडे मला अतिशय आवडतो. तिथे तोच पक्षी लहान स्थानिक पक्ष्यांशी खाद्यासाठी स्पर्धा करतो आणि परक्या झुडपांच्या बिया रानभर पसरवतो. रत्नागिरी, सातारा अशा भागांतून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांना परक्या मुलखात साळुंकीचा आवाज ऐकून धीर वाटला असेल. मात्र उसासाठी बेटावरचे जंगल इतके तोडले गेले की चांगल्या स्थितीतले मूळ जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

या उरलेल्या तुकड्यांत जे घडले ते मला डोडोच्या कथेहून अधिक महत्त्वाचे वाटते. मॉरिशस केस्ट्रेल हा ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी. त्याचे पंख आखूड व गोलसर असल्याने तो झाडीतून चपळाईने वळणे घेत उडतो आणि हिरव्यागार पाली पकडतो. जंगलतोड, उंदीर, माकडे आणि त्यावर हिवताप निर्मूलनासाठी झालेली डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी यांमुळे १९७४ मध्ये निसर्गात केवळ चार केस्ट्रेल उरल्याची नोंद झाली. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी, अशी त्याची ख्याती झाली आणि अनेक जाणकारांनी त्याची आशा सोडून दिली. कार्ल जोन्स हे वेल्समधले तरुण जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये तिथे गेले, तेव्हा त्यांना प्रकल्प गुंडाळण्यास सांगण्यात आले होते.

जोन्स यांनी उलट केले. केस्ट्रेलच्या घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते, हे ससाणे पाळणाऱ्यांना जुन्या काळापासून ठाऊक असलेले तंत्र त्यांनी वापरले. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिले हाताने भरवून वाढवायची, काही पिले जंगलातल्या जोड्यांच्या हवाली करायची आणि बाकीची हळूहळू मोकळी सोडून ती शिकार करू लागेपर्यंत त्यांना खाद्य पुरवायचे, असे हे काम होते. शिवाय घरट्यांसाठी पेट्या बसवल्या आणि आसपासच्या शत्रूंसाठी सापळे लावले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनशेहून अधिक पक्षी सोडले गेले. आजचे सगळे केस्ट्रेल जवळजवळ एकाच जोडीचे वंशज आहेत, असे जनुकीय अभ्यास सांगतो. २०२२ मध्ये मॉरिशसने त्याला राष्ट्रीय पक्षी घोषित केले. देशाच्या राजचिन्हावर अर्थातच डोडोच आहे, आणि त्याच्या समोर डचांनी जावाहून आणलेल्या वंशातले हरीण उभे आहे. बाहेरून आलेल्या प्राण्याला मारल्या गेलेल्या पक्ष्याचा जोडीदार केलेले पाहून मला नेहमीच अस्वस्थ वाटते.

गुलाबी कबुतराची कथाही अशाच कडेलोटावरून परतलेली आहे. १९९० च्या सुमारास जंगलात त्यांची संख्या दहाच्या आसपास आली होती; ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात आणि मॉरिशसमध्ये पैदास करून सोडलेल्या पक्ष्यांमुळे ती पुढे काहीशेवर गेली. स्थानिक इको पोपट आपल्या पोपटाचा जवळचा नातलग. १९८० च्या दशकात तो दहा-बारांवर आला होता, आणि आता सातशेहून अधिक आहे. त्याच्या ढोल्यांवर आपल्याकडून गेलेला पोपट हक्क सांगतो, म्हणून त्याच्यासाठी लाकडी पेट्या टांगाव्या लागतात. रॉड्रिग्जवर सुगरणीच्या कुळातला फोडी आणि तिथला वटवट्या हे दोन्ही १९७० च्या सुमारास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. जंगल पुन्हा लावल्यावर ते स्वतःच हजारोंच्या संख्येत वाढले, आणि ही मला सर्वांत समाधानकारक गोष्ट वाटते, कारण त्यांना फक्त झाडे हवी होती.

मात्र मुख्य बेटावर असे हात काढून घेता येत नाहीत. गुलाबी कबुतरांना आजही अनेक ठिकाणी धान्य द्यावे लागते, उंदीर सतत पकडावे लागतात, आणि कमी पूर्वजांमुळे आलेल्या जनुकीय दुर्बलतेवर उपाय शोधावे लागतात. केस्ट्रेलची संख्याही पुन्हा घटू लागल्याने २०१४ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत त्याला अधिक धोक्याच्या वर्गात टाकावे लागले. २०२० मध्ये वाकाशियो हे जपानी मालकीचे जहाज पॉईंट डेस्नीजवळ खडकावर आदळले आणि त्यातून सांडलेले तेल इल-ओ-झेग्रेतच्या किनाऱ्याशी पोचले. हे २६ हेक्टरचे बेट उंदीरमुक्त असून तिथे सोडलेले मॉरिशस फोडी आणि जैतुनी चष्मेवाले (डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले चिमुकले पक्षी) यांतले काही पक्षी घाईने मुख्य बेटावर हलवावे लागले.

अमेरिकेतल्या एका कंपनीने २०२३ मध्ये निकोबारी कबुतराच्या पेशींवर काम करून डोडोसारखा पक्षी पुन्हा घडवण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटली. समजा असा पक्षी जन्मला, तरी ज्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी मूळ डोडो संपवला ते आजही तिथेच आहेत. जैतुनी चष्मेवाला मात्र आजही जिवंत असून त्याच्या मोजक्या जोड्या मुख्य बेटाच्या ओलसर जंगलात उरल्या आहेत. त्यांच्या घरट्यांभोवती उंदरांचा बंदोबस्त केला की पिले वाचतात, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे आणि त्यासाठी लागणारी माणसे व सापळे डोडो परत आणण्याच्या खर्चाच्या मानाने फार स्वस्त आहेत.