नाणी भरायचेही पैसे लागतात म्हणे!

मुलीचा गल्ला भरला म्हणून तो घेऊन परवा बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं की नाणी जमा करायला शुल्क पडेल. आणि आज तर नाहीच, कारण नाणी मोजायचं मशीन या शाखेतून काढलंय. शेजारच्या गावातल्या शाखेत आहे, तिथे जा. मी पुन्हा विचारलं, कारण माझं जर्मन अजून असं आहे की स्वतःच्या कानांवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. पण बरोबरच ऐकलं होतं. पैसे आपले, खातं आपलं आणि मोजणावळही आपणच द्यायची!

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "आई, हे पैसे खोटे आहेत का गं?"

राग नेमका कशाचा आला ते सांगते. तो गल्ला तिला याच बँकेने दिला होता. इथे ३० ऑक्टोबरला 'वेल्टश्पारटाग' म्हणजे जागतिक बचत दिन साजरा करतात. १९२४ साली मिलानमध्ये बचत बँकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे हा दिवस ठरला. खरी तारीख ३१, पण त्या दिवशी जर्मनीच्या काही राज्यांत चर्चची सुट्टी असते म्हणून एक दिवस आधी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी सांगतात, त्या लहान असताना गल्ला छातीशी धरून बँकेत रांग लावायच्या, साहेब स्वतः नाणी मोजायचे आणि हातात खाऊ द्यायचे. आता साहेब फुगा देतात, फोटो काढतात, नवा गल्ला देतात. त्या गल्ल्यात साठलेलं मात्र कुणाला नको असतं. मग कशाला शिकवता हो पोरांना?

आणि हे कुठे, तर श्टुटगार्टजवळ. श्वाबियन, म्हणजे या भागातल्या, माणसाच्या चिकटपणावर अख्खा जर्मनी विनोद करतो. २००८ च्या डिसेंबरात, बँका कोसळत होत्या तेव्हा, अँगेला मेर्केल याच श्टुटगार्टमध्ये म्हणाल्या होत्या की एखाद्या श्वाबियन गृहिणीला नुसतं विचारायला हवं होतं, ऐपतीबाहेर कायम जगता येत नाही हे तिने सांगितलं असतं. इथल्या बायका ते अजून कौतुकाने सांगतात. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, आमच्या बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतंत तरी तेच ऐकलं असतंत, आणि वर दोन शिव्या फुकट मिळाल्या असत्या.

ह्यांचं म्हणणं, बँकेचं काही चुकत नाही. नाणी वाहायला, तपासायला, गुंडाळायला माणसं लागतात. युरोच्या नियमात एका व्यवहारात ५० पेक्षा जास्त नाणी घ्यायचं बंधन दुकानदारालासुद्धा नाही. शिवाय, आपल्याकडे काय वेगळं आहे? चौदाही प्रकारची १० रुपयांची नाणी खरी आहेत असं रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितलं, तरी बेळगावात दुकानदार ते नाणं उलटंपालटं करतो आणि नोट द्या म्हणतो. हे मला मान्य. पण आमचा दुकानदार नाणं परत देतो, परत द्यायचे पैसे मागत नाही. ह्यांना हा मुद्दा पटला नाही. मला पटला आहे.

खरं म्हणजे त्या काउंटरवर उभी असताना मला आमचे पिग्मीवाले मामा आठवत होते.

पिग्मी म्हणजे रोज दारात येऊन नेली जाणारी बचत, हे तुम्हाला सांगायला नको. आईचं कटलरीचं छोटं दुकान, अप्पांचे वडगावात दोन माग. संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला मामा रेक्झिनची बॅग काखेत मारून यायचे. दुकानाची पायरी चढायच्या आधीच त्यांना कळायचं, आज गिऱ्हाईक झालंय की नाही. आईने "आज राहू दे, उद्या बघू" म्हटलं की ते हलायचेच नाहीत. "दहा तरी घाला की वैनी, कार्ड कोरं दिसतंय." चुरगळलेली नोट, सुटी नाणी, सगळं चालायचं. पावतीवरचा मजकूर कन्नडमध्ये, मामांचं बोलणं मराठीत आणि आकडे इंग्रजीत. (दुसऱ्या भाषेतल्या फॉर्मवर सही करायची सवय आम्हा बेळगाववाल्यांना आधीपासूनच आहे. इथले जर्मन फॉर्म बघून मुंबईच्या मैत्रिणी घाबरल्या तशी मी घाबरले नाही, एवढं अभिमानाने सांगते.) त्या पैशांतून जूनमध्ये आमची फी आणि दप्तरं, सुताचा भाव चढला की सूत आणि गणपतीचा खर्च. व्याज फारसं नसायचंच, वर मुदतीआधी पैसे काढले तर कापून घ्यायचे. अर्थशास्त्र शिकलेला कुणीही म्हणेल की हा तोट्याचा सौदा आहे.

तोट्याचा कसा? पगार महिन्याला येतो त्या माणसाची बचत महिन्याला होते. इथे बँकेला एकदा सांगून ठेवलं की पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते, आमचीही जाते. यात माझा कसला आला संयम? ती रक्कम मला दिसतच नाही. आईच्या हातात पैसा रोज यायचा आणि रोज जायचा. तो रात्र उलटायच्या आत कुणीतरी दारात येऊन नेला तरच राहणार. उडुपीच्या ज्या संस्थेची पुढे सिंडिकेट बँक झाली, तिने १९२८ मध्ये हे ओळखलं आणि रोजचे दोन आणेसुद्धा घरी येऊन न्यायला सुरुवात केली. हातमागाच्या मंदीत अडकलेल्या विणकरांना हात द्यायला ती उभी राहिली होती. म्हणजे ही योजना आमच्यासारख्यांच्या घरांसाठीच निघाली. दोन आणे मोजायला ती माणूस पाठवत होती आणि शंभर वर्षांनी इथे मशीनसुद्धा परवडत नाही म्हणतात.

आता जरा इथलं कौतुक, नाहीतर म्हणाल ही नुसती चिडते. वरच्या आजींकडे घरखर्चाच्या फायली आहेत, वर्षवार. विजेचं बिल, विमा, कराची कागदपत्रं, सगळं जागच्या जागी. चुकून दुसऱ्याची काच फुटली, कुणाच्या गाडीला ओरखडा गेला तर भरपाई देणारा वेगळा विमा बहुतेक घरांत असतो आणि तो महागही नाही. मुलामागे सरकार दरमहा पैसे देतं, २०२५ मध्ये २५५ युरो. आम्ही ते मुलीच्या नावाने बाजूला टाकतो.

त्याच आजींनी एकदा चहाला बोलावून मला 'बाउश्पार' समजावून सांगितलं. घरासाठी एका रकमेचा करार करायचा. आधी काही वर्षं त्यातली साधारण ४० ते ५० टक्के रक्कम हप्त्याहप्त्याने भरायची. मग आपली पाळी आली की आपली बचत मिळते आणि उरलेली रक्कम कर्जाऊ, पहिल्या दिवशी ठरलेल्या व्याजाने. ते कर्ज येतं कुठून, तर बाकीचे भरत असतात त्यातून. १९२१ मध्ये इथून जवळच्या व्युस्टेनरोट गावात गेओर्ग क्रोप नावाच्या माणसाने चार मंडळी जमवून याची सुरुवात केली. आजी फार अभिमानाने सांगत होत्या. त्यांच्या वडिलांचं घर त्यातूनच झालं.

मी म्हटलं, आजी, ही तर आमच्या काकूंची भिशी! आठवड्याला प्रत्येकीने ठरलेले पैसे घालायचे, अडलेल्या बाईला शेकडा दोनने त्यातूनच द्यायचे, आणि दिवाळीला भिशी फुटली की मुद्दल आणि व्याज वाटून घ्यायचं. त्यांनी विचारलं, करार कुठे असतो? मी सांगितलं, काकूंच्या वहीत. आणि एखादीने नाही भरले तर? मी म्हटलं, तिला गल्लीत राहायचं असतं ना. त्या बराच वेळ हसल्या. मला मात्र ते हसणं जरा लागलं.

मग मीही सांगून टाकलं की देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आहे. गावच्या पतपेढीची कल्पना त्यांच्या राइफाइझेन नावाच्या माणसाची. ती आपल्याकडे १९०४ च्या कायद्याने आली आणि १९०५ मध्ये देशातली पहिली शेती पतसंस्था निघाली ती गदगजवळच्या कणगिनहाळला. तेव्हा उपकार मान्य आहेत, पण चालवणं आमचं आम्ही शिकलो.

ह्यांनी अर्थातच जिव्हारी लागेल असा प्रश्न काढला, ठेव बुडाली तर? इथे बँक बुडाली तरी माणशी एक लाख युरोपर्यंतची ठेव सुरक्षित असते. भारतात बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण सोसायटीतल्या, म्हणजे पतसंस्थेतल्या, ठेवीला तो लागू नाही. पिग्मी बहुतेकांची असते सोसायटीत. आमच्या नात्यातलं एक घर अशाच एका सोसायटीत अडकलं. लग्नासाठी साठवलेले पैसे होते. मामांसारखाच एक एजंट तोंड लपवून फिरत होता आणि बिचाऱ्याचे स्वतःचेही त्यातच होते. हे सगळं मला माहीत आहे. म्हणून आईला सांगून ठेवलंय की पिग्मीची मुदत संपली की रक्कम लगेच मोठ्या बँकेत टाकायची, सोसायटीत मुदत ठेव करायची नाही, दीड-दोन टक्के जास्त मिळाले तरी नाही. ती हो म्हणते.

पण पिग्मी बंद कर असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. आई आता घरी एकटी असते, दुकानात गिऱ्हाईक कमी झालंय. मामांचा मुलगा हातात मशीन घेऊन येतो, पावती लगेच छापून देतो, दोन मिनिटं बसतो आणि आईच्या गोळ्या संपल्या असतील तर मला मेसेज करतो. याचा वेगळा चार्ज नाही. कमी व्याजाचा हिशेब मांडणाऱ्यांनी हेही कुठल्या रकान्यात घालायचं ते मला सांगावं.

आणि हो, काकूंच्या भिशीत यंदा आईच्या नावाने एक वाटा जादा घातलाय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ब्लॉग वाचतात, कळेलच.