बॅटरी नवी, फोन तोच, तरी अँड्रॉइड ऑटो लागेना

गाडीची बॅटरी बदलून आणली आणि तेव्हापासून अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा, कॉल, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) लागत नसेल, तर बाकी काहीही करायच्या आधी गाडीच्या स्क्रीनमधली तारीख बघा. वेळ नाही म्हणत मी, तारीख. दिवस, महिना, साल, तिन्ही. एवढ्यावर तुमचं काम झालं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मला मात्र सगळं लिहून काढायचंच आहे, कारण राग अजून उतरलेला नाही.

मी कोल्हापुरात राहते आणि पतसंस्थांचं ऑडिट करते. त्यामुळं गाडी म्हणजे अर्धं ऑफिसच. आज गारगोटी, उद्या गडहिंग्लज, मधेच राधानगरी तालुक्यातलं एखादं गाव, जिथं संस्थेचं ऑफिस किराणा दुकानाच्या माडीवर असतं आणि रस्ता विचारला की "सरळ जावा" एवढंच उत्तर मिळतं. मुदाळ तिट्ट्यापर्यंत मला कुणी रस्ता सांगायची गरज नाही, त्याच्या पुढं आत वळलं की नकाशा लागतो. तो गाडीच्या मोठ्या स्क्रीनवर असला की फोन हातात घ्यावा लागत नाही. कुणाचा फोन आला तर स्टिअरिंगवरच्या बटणानं उचलता येतो.

गाडी घेतली तेव्हा फोन पहिल्यांदा जोडला, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. केबल लावली, फोननं विचारलेल्या परवानग्या दिल्या, झालं. पुढं कधी विचारच करावा लागला नाही.

मग यंदा पावसाळ्यात बॅटरी बसली. हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली (नाव लिहीत नाही), नवी बॅटरी टाकून घेतली, बिल भरलं. गाडी ताब्यात देताना तिथल्या पोरानं माझ्यादेखत घड्याळ लावलं. स्वतःच्या मोबाइलमध्ये बघून, मिनिटासकट. मला तेव्हा कौतुकच वाटलं. तावडे हॉटेलच्या चौकाकडं येताना केबल लावली, तर स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटोचं चिन्ह आलं, काळं झालं आणि पुन्हा गाडीचा नेहमीचा मेनू. परत लावली, परत तेच. फोन चार्ज मात्र व्यवस्थित होत होता.

तशीच गाडी वळवून परत गेले. ॲडव्हायजर म्हणाला, "मॅडम, ब्लूटूथ लागतंय न्हवं? कॉल येतोय? मग गाडी ओके आहे. फोनमध्ये असणार." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता पाठ झालंय. म्हणून नीट सांगते. ब्लूटूथ लागणं आणि अँड्रॉइड ऑटो लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लूटूथवर मुख्यतः आवाज आणि फोनबुक जातं, म्हणजे कॉल आणि गाणी. अँड्रॉइड ऑटोमध्ये फोन आपलं चित्र गाडीच्या स्क्रीनवर पाठवतो आणि स्क्रीनवर बोट लावलेलं परत फोनकडं येतं. त्यासाठी गाडी आणि फोन आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात. ब्लूटूथ चालू आहे एवढ्यावरून ती ओळख पटली असं होत नाही. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं, ही माझी अपेक्षा जास्त आहे का?

राजारामपुरीत मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या मुलानं फोन उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "ताई, फोन एकदम ओके. गाडीचंच कायतरी हाय." झालं. गाडीवाला म्हणणार फोन, फोनवाला म्हणणार गाडी.

केबल मीच तपासली. त्याची सोपी खूण सांगते, ही बहुतेकांना उपयोगी पडेल. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्यावर फोन चार्ज होतो आणि बाकी काही होत नाही. केबल लॅपटॉपला लावा. फोनमध्ये फाइल ट्रान्सफरचा पर्याय दिसला तर केबल डेटा नेते. माझी नेत होती. तरी नवी घेतली, एक मीटरपेक्षा आखूड, कारण लांब केबलीवर जोडणी तुटते असं सगळेच सांगतात. फरक शून्य. पोर्टही बघितलं. माझ्या गाडीत पुढं दोन यूएसबी आहेत, त्यातलं एकच डेटाचं, दुसरं नुसतं चार्जिंगचं. मागच्या सीटवाल्यांसाठी आहे तेही चार्जिंगचंच. तुम्ही नव्यानं जोडत असाल तर इथंच बरेच जण अडकतात. मी तर इतके दिवस डेटाच्याच भोकात केबल घालत होते.

दीराचा मुलगा आला होता, त्याचा फोन लावून बघितला. वेगळी कंपनी, वेगळं मॉडेल. त्याचाही लागला नाही. म्हणजे फोनचा प्रश्न मिटला, नाही का? हे घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटर. ॲडव्हायजर म्हणाला, "मग दोन्ही फोनमध्ये असंल मॅडम. अपडेट आलं असंल." मी म्हटलं, दोन्ही फोन एकाच दिवशी बिघडले आणि नेमके तुम्ही बॅटरी बदलली त्या दिवशी? त्यावर त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "एकदा सरांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो."

सरांना! आमच्या ह्यांना व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडायची झाली तरी ते मला हाक मारतात. आणि गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या खात्यातून गेलेत. मी काही बोलले नाही. पण त्या वेळी ठरवलं की हे आता आपणच शोधायचं.

तोवर त्यांच्या वर्कशॉपमधल्या माणसानं येऊन निदान केलं होतं. यूएसबीचं मॉड्यूल गेलंय, वॉरंटी संपलीय, एस्टिमेट साडेसात हजार, वर जीएसटी. आणि ते करायच्या आधी "फोन एकदा फॅक्टरी रीसेट मारून बघा." हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. रीसेट केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, बँकेची, यूपीआयची सगळी ॲप परत नोंदवत बसावी लागतात, एसएमएस पाठवून पडताळणी करावी लागते, आणि ऑडिटच्या हंगामात माझ्याकडं तेवढा वेळ नाही. रीसेटच्या अलीकडं किती तरी पायऱ्या आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये शोधाच्या चौकोनात अँड्रॉइड ऑटो टाका. अँड्रॉइड 10 पासून ते फोनमध्येच असतं, वेगळं ॲप सापडलं नाही म्हणून घाबरू नका. तिथं आधी जोडलेल्या गाड्यांची यादी आहे, त्यातून गाडी काढून टाका. गाडीच्या यादीतूनही फोन काढून टाका. मग दोन्ही बंद करून नव्यानं जोडा. हे दोन्हीकडं करायचं असतं, एकीकडं करून उपयोग नाही. मी केलं. माझ्या बाबतीत त्यानंही काही झालं नाही, पण यात नुकसान तरी काही नाही.

आता खरी गोष्ट. केबल लावल्यावर फोनच्या स्क्रीनवर काहीतरी येऊन जायचं. दोन ओळी, वाचेपर्यंत गायब. मी ॲडव्हायजरला ते दाखवलं होतं, तर म्हणाला, "ते येतंच मॅडम, एरर आहे ती." अहो, एरर आहे हे मलाही दिसतंय, ती म्हणते काय? आमच्या धंद्यात शेरा वाचल्याशिवाय पुढच्या पानावर जायचं नसतं. म्हणून घरी आल्यावर पार्किंगमध्येच दीराच्या मुलाला बाजूला बसवलं, त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू करायला सांगितला आणि मी केबल लावली. "काकू, आलं!" मग तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं: संपर्कात त्रुटी, क्रमांक 7. दोन्ही उपकरणांची ओळख पटवण्याचं काम पूर्ण झालं नाही, गाडीचं घड्याळ चुकीचं असू शकतं, तपासा.

घड्याळ तर बरोबर होतं. समोरच दिसत होतं, फोनमध्ये जी वेळ तीच गाडीत. पोरगा म्हणाला, "काकू, मेसेजच चुकीचा असेल." मी त्या आकड्यांकडं बघत बसले, आणि मग लक्षात आलं की यात फक्त तास आणि मिनिटं आहेत. आयुष्यभर व्हाउचर बघत आलेय, रक्कम बरोबर आणि तारीख नाही अशी व्हाउचर ढीगभर बघितलीत. गाडीच्या सेटिंगमध्ये गेले, सिस्टीम, मग तारीख आणि वेळ. तिथं पूर्ण तारीख होती. महिना जानेवारी, साल 2018. बाहेर रंकाळ्यावरून येणाऱ्या पावसाची झड काचेवर आपटत होती आणि गाडीत जानेवारी 2018 चालू.

बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत स्क्रीनची तारीख कारखान्यातल्या सुरुवातीच्या तारखेवर जाते. काही गाड्या जीपीएसवरून वेळ आणि तारीख आपोआप लावून घेतात, माझ्या मॉडेलला ती सोय नाही. सर्व्हिस सेंटरच्या पोरानं समोर दिसते तेवढी वेळ लावली आणि तारखेच्या पानावर तो गेलाच नाही. आता तारखेचा आणि फोनचा काय संबंध? ओळख पटवताना दोन्हीकडची डिजिटल सर्टिफिकेट, म्हणजे एक प्रकारची ओळखपत्रंच, तपासली जातात, आणि प्रत्येक सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. गाडी 2018 मध्ये बसलेली, त्यामुळं फोनचं सर्टिफिकेट तिच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. नाकारणारच. ब्लूटूथवर कॉल घेताना अशी मुदत कुणी बघत नाही, म्हणून ते बिनबोभाट चालू होतं.

दिवस, महिना, साल, एकेक बाण दाबत चालू तारखेवर आणलं. गाडी बंद केली, दार उघडून लावलं म्हणजे स्क्रीन पूर्ण विझते, परत चालू केली. केबल लावली. नकाशा आला. पोरगा "नाद खुळा काकू!" म्हणून ओरडला आणि खरं सांगते, संस्थेला अ वर्ग दिल्यावर चेअरमनला होतो तसा आनंद मला झाला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सर्व्हिस सेंटरला गेले. एस्टिमेटचा कागद काउंटरवर ठेवला आणि काय झालं होतं ते सांगितलं. ॲडव्हायजर म्हणाला, "हां, तसं होतं मॅडम कधी कधी." कधी कधी होतं हे माहीत होतं तर साडेसात हजारांचं मॉड्यूल कुठून आलं? याचं उत्तर मिळालं नाही. नंतर त्यांच्याकडून नेहमीचा फोन आला, सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी दहा द्या मॅडम. मी सात दिले. का सात, असं त्या मुलीनं विचारलं, तर म्हटलं, तुमच्या ॲडव्हायजरला विचारा, त्याला हा आकडा ओळखीचा असायला पाहिजे.

आता आठवेल तसं थोडं. जोडाजोडी गाडी उभी असतानाच करा. बऱ्याच गाड्यांत चाक फिरायला लागलं की सेटिंगची पानं उघडत नाहीत, आणि ते बरंच आहे. केबलवर चालवायला फोनमध्ये अँड्रॉइड 9 किंवा त्यापुढचं हवं. ज्यांची गाडी वायरलेस आहे त्यांना साधारण अँड्रॉइड 11 आणि 5 गिगाहर्ट्झ वायफाय चालणारा फोन लागतो, कारण पहिली गाठ ब्लूटूथवर पडते पण चित्र वायफायवरून जातं. वायरलेसवाल्यांनी फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघावं. आयफोनवाल्यांचं कारप्ले वेगळं, त्यांच्याकडं सिरी (बोलून काम सांगायची आयफोनची सोय) बंद असेल तर ते लागत नाही, एवढं मला मैत्रिणीच्या गाडीत कळलं.

गाडी विकताना किंवा बरेच दिवस दुसऱ्याकडं देताना गाडीच्या यादीतून फोन काढून टाका. ब्लूटूथनं घेतलेलं फोनबुक गाडीत राहू शकतं. माझ्या फोनबुकात निम्म्या जिल्ह्यातले सेक्रेटरी आहेत.

मेसेज मोठ्यानं वाचून दाखवायची सोय असते, ती गाडीत पाहुणे असताना वापरू नका. का ते विचारू नका.

आणि गगनबावड्याच्या बाजूला कामाला जाणार असाल, किंवा करूळ घाट उतरून वैभववाडीकडं, तर निघायच्या आधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. घाटात रेंज जाते आणि नकाशाचे चौकोन कोरे होतात. तेव्हा केबल, पोर्ट, गाडीतली तारीख सगळं बरोबर असतं, उगाच गाडी थांबवून केबल काढत-घालत बसू नका.