डिलिव्हरीत लेकीच्या हाताच्या नसा तुटल्या, ग्राहक आयोगात केस केली : माझा अनुभव

ज्यांच्या बाळाच्या हाताला बाळंतपणात इजा झालीये त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आम्हाला तेव्हा मराठीत सलग असं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. बाळाचा हात लुळा पडला एवढ्यावर भरपाई मिळत नाही. लेबर रूममध्ये काय झालं, काय करायला हवं होतं आणि ते केलं की नाही हे कागदावर दाखवावं लागतं, आणि तो कागद हॉस्पिटलच्या कपाटात असतो. त्यामुळे फाइल हातात येणं हीच अर्धी केस आहे.

माझी डिलिव्हरी २०२१ ची, आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये. सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात त्यात १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला डायबेटिस धरतात, माझी त्याच्या बरीच वर होती. गोड कमी करा म्हणाले, पुढे परत टेस्ट केलीच नाही. शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन चार किलोच्या पुढे दाखवत होतं, सासूबाईंनी स्वतः विचारलं की सिझर करायचं का, तर म्हणाले नॉर्मल होईल, कशाला घाई करता.

डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. ह्याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात, पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकतो. अशा वेळी काय करायचं हे डॉक्टरांना शिकवलेलं असतं, आईचे गुडघे पार छातीकडे न्यायचे, त्या हाडाच्या लगेच वर दाब द्यायचा, जमलं नाही तर आत हात घालून बाळाला फिरवायचं किंवा मागचा हात आधी काढायचा. पोटावर वरून जोर द्यायचा नाही, कारण त्याने खांदा हाडावर आणखी घट्ट बसतो. माझ्या वेळी एक बाई स्टुलावर चढून वरूनच पोट दाबत होती आणि खालून डोकं ओढत होते. हे मी शुद्धीत असताना पाहिलंय, प्रतिज्ञापत्रात शब्द न् शब्द लिहिलंय.

मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं एक जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस, मणक्यातून निघणाऱ्या सी ५ पासून टी १ पर्यंतच्या मुळांचं. डोकं एका बाजूला जोरात ओढलं की ते ताणतं, जास्त ताणलं की तुटतं. लेकीच्या वरच्या दोन मुळांना इजा झाली, अर्ब्ज पाल्सी. उजवा हात अंगाला चिकटलेला, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. आम्हाला सांगितलं की हात थोडा दबलाय, महिन्याभरात सुटेल. बऱ्याच बाळांचा सुटतोही, हे खरं आहे, म्हणून लगेच घाबरून जाऊ नका, पण फिजिओथेरपी पहिल्या महिन्यातच विचारून सुरू करा आणि तीन महिन्यांत कोपर वाकायला लागला नाही तर नसांच्या सर्जनला दाखवाच. तिथे वेळ घालवून चालत नाही. लेकीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात मुंबईत झालं, पायातली नस काढून मानेत जोडली. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे ऑपरेशननंतर कितीतरी महिने हात तसाच दिसतो आणि घरातले सगळे विचारत राहतात की मग उपयोग काय झाला.

आता केसबद्दल. माझा मामेभाऊ कोर्टात क्लार्क आहे, त्याने बाळ आठवड्याचं असतानाच सांगितलं, ताई बाकी सगळं नंतर, आधी केस पेपर माग आणि लेखी माग. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितले की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला लागतात आणि हॉस्पिटलला ते तीन वर्षं जपून ठेवायला लागतात. आम्ही अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि वर रजिस्टर पोस्टानेही पाठवला. नुसती डिस्चार्ज समरी घेऊन परत येऊ नका. इनडोअर केस पेपर, नर्सिंग नोट्स, पार्टोग्राफ (म्हणजे कळा सुरू झाल्यापासून डिलिव्हरी कशी पुढे सरकली त्याचा तक्ता), बाळाच्या ठोक्यांच्या पट्ट्या, संमतीपत्र, बाळाच्या डॉक्टरांनी जन्मानंतर लिहिलेला कागद, सगळं पानावर नंबर टाकून मागा.

फाइल मिळाली ती दोन महिने फेऱ्या मारून आणि वकिलाची नोटीस गेल्यावरच. त्यात डोकं कधी आलं, खांदे कधी आले ही वेळच नव्हती. खांदा अडकला हा उल्लेख नव्हता, कुठली पद्धत वापरली ते नव्हतं, डिस्चार्ज समरीत बाळ चांगलं आहे एवढंच, हाताबद्दल अवाक्षर नाही. आणि बाळाच्या डॉक्टरांच्या पानावर मात्र पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं की उजवा हात हलत नाही. ह्या एका ओळीने पुढे खूप काम केलं.

कुठे जायचं ह्याचा विचार आम्ही बराच केला. पोलिसात गेलं तर निष्काळजीपणा फार ढळढळीत असावा लागतो, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने तसं ठरवलंय, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते पण पैसे देत नाही. आम्हाला लेकीच्या पुढच्या ऑपरेशनांसाठी पैसे हवे होते, म्हणून जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर मात्र हा रस्ता बंद आहे, दिवाणी दावा किंवा हायकोर्ट बघावं लागतं.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात कुठल्या पातळीच्या आयोगात जायचं ते तुम्ही हॉस्पिटलला किती पैसे भरले त्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. आमचं बिल पाच लाखांच्या आतच होतं त्यामुळे जिल्ह्यातच केस आणि फी शून्य. राहत्या ठिकाणीही दाखल करता येते, हॉस्पिटलच्याच जिल्ह्यात जायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षं, आणि ती डिलिव्हरीच्या तारखेपासूनच धरा. ऑपरेशननंतर इजा कळली, मग तिथून मोजू असं कुणी म्हणेल, पण विलंब माफीच्या अर्जावर लेकराची केस टांगून ठेवू नका.

तक्रार लेकीच्या वतीने आणि आमच्या दोघांच्याही नावाने केली. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालात सुप्रीम कोर्टाने मूल आणि आईवडील दोघांनाही ग्राहक मानलंय आणि आईवडिलांना वेगळी भरपाई दिलीये, त्याचा आधार वकील मॅडमनी घेतला. डॉक्टरांची विमा कंपनीही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष केली.

समोरून जबाब आला त्यात तीन गोष्टी होत्या. एक, खांदा अडकणं आधी सांगता येत नाही. दोन, आईच्या कळांच्या जोरानेही नस ताणते, ह्यासाठी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१४ चा रिपोर्ट जोडला होता. तीन, ओढलं नसतं तर बाळ गुदमरलं असतं, आम्ही जीव वाचवला. तिसरं वाचून मी रडले होते, कारण ते पूर्ण खोटंही नव्हतं, खांदा अडकल्यावर खरंच मिनिटांचा खेळ असतो. पण आमचं म्हणणं वेगळं होतं. शुगर होती, बाळ मोठं दिसत होतं, मग धोका आणि सिझरचा पर्याय आम्हाला सांगितला का? चार किलो म्हणजे सिझर करायलाच हवं होतं असं आम्ही म्हणालोच नाही, डॉक्टरी पुस्तकंही तसं म्हणत नाहीत. सांगून आम्हाला ठरवू द्यायला हवं होतं. संमती म्हणजे नुसती सही नव्हे हे २००८ च्या समीरा कोहली निकालात आहे, आणि ब्रिटनमधला २०१५ चा माँटगोमेरी निकाल तर हुबेहूब, डायबेटिस असलेली आई, मोठं बाळ, खांदा अडकायचा धोका सांगितला नाही, तिथल्या सुप्रीम कोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला. मॅडमनी तो वाचून दाखवला तेव्हा वाटलं कुणीतरी माझीच गोष्ट लिहिलीये.

सगळ्यात जड गेलं ते तज्ज्ञाचं मत मिळवणं. तोंडी सगळे डॉक्टर सांगतात की हे चुकलंय, लिहून द्या म्हटलं की कुणी फोन उचलत नाही. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवृत्त प्राध्यापक मॅडमनी फाइल वाचून दोन पानी मत दिलं, मुख्य मुद्दा हाच की खांदा अडकल्यावर केलेल्या एकाही गोष्टीची नोंद नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागतोच असं नाही, २०१० च्या किशन राव निकालात तसं आहे, पण अशा नसांच्या केसमध्ये मत असलेलं बरं. नस कुठे आणि कशी तुटली ते मुंबईच्या सर्जनच्या ऑपरेशन नोट्समध्ये होतं, त्या जरूर जोडा.

कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं आहे, आम्हाला तीन वर्षांच्या वर लागली. तारीख, पुढची तारीख, सदस्याची जागा रिकामी, परत तारीख. त्या काळात थेरपीची प्रत्येक पावती, एसटीची तिकिटं, स्प्लिंटची (हाताला आधार द्यायच्या पट्टीची) बिलं मी एका फाइलमध्ये लावत गेले, कारण कच्च्या चिठ्ठीला कुणी विचारत नाही. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून काढला, मूल वाढतंय म्हणून तात्पुरता मिळाला.

निकाल गेल्या वर्षी लागला, तक्रार अंशतः मंजूर. नोंदी नाहीत आणि पर्याय सांगितला नाही ह्या दोन मुद्द्यांवर. मागितलं त्याच्या निम्म्याहून कमी मिळालं, त्यातला मोठा भाग लेकीच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत ठेवायचा आणि व्याज उपचारांना वापरायचं असा आदेश आहे. समोरच्यांनी राज्य आयोगात अपील केलं, त्यासाठी त्यांना निम्मी रक्कम भरावी लागली. ४५ दिवसांच्या मुदतीत आम्हीही रक्कम वाढवून मिळावी म्हणून अपील केलंय. लेक आता मोठ्या गटात आहे, हात खांद्यापर्यंत जातो, डोक्याच्या वर जात नाही, आणि सर्जननी आता टेंडन ट्रान्सफरचं, म्हणजे चांगल्या स्नायूचा दोर दुसऱ्या जागी जोडायचं ऑपरेशन सांगितलंय. त्याच्या खर्चाचं एस्टिमेट जादा पुरावा म्हणून घ्यावं असा अर्ज आम्ही दिलाय, तो अजून सुनावणीला यायचाय.