आमची वाटचाल : तीनशे पस्तीसच्या पलीकडे

जामनेर तालुक्यात आमचं छोटं बियाणं युनिट आहे. सुरुवात कृषी सेवा केंद्रापासून झाली. खान्देश म्हटलं की कापूस आणि केळी. सोयाबीनच्या बॅगा तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात असायच्या. पुढे बोंडअळी आणि वेचणीची मजुरी यांनी कापूसवाले जेरीस आले, तसं सोयाबीन वाढलं. मग आम्ही ग्रेडिंग मशीन बसवलं आणि ओळखीच्या शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घ्यायला लागलो.

त्या काळी मागणी एकाच वाणाला होती. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा, १९९४ साली आलेला जेएस ३३५. पेरणीच्या तोंडावर गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "भाऊ, सर्वास्नी लिधं तेच माले दे." या वाणाचे उपकार मोठे आहेत, मध्य भारतात सोयाबीन रुजलं ते बरंचसं त्याच्या जोरावर. पण शिवारच्या शिवार एकाच वाणाखाली असलं, की रोग आला तर सगळ्यांकडे एकदम येतो, आणि दाणे भरताना पावसाने ओढ दिली तर सगळ्यांच्याच शेंगा पोचट राहतात.

सोयाबीन स्वपरागी आहे. फूल नीट उमलायच्या आतच परागीकरण उरकतं. परपरागीकरण साधारण एक टक्क्याच्याही आत. म्हणून शेतकऱ्याला घरचं बियाणं दोन-तीन वर्षं निर्धास्त वापरता येतं, आणि ते वापरावं असं आम्ही बियाणं विकणारे असूनही सांगतो. मात्र याच गुणामुळे शेतात नवीन वाण आपोआप घडत नाही. दोन वेगळ्या वाणांचा संकर करायचा तर पैदासकाराला, म्हणजे नवे वाण काढणाऱ्याला, कळीएवढ्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात.

आणि संकराला आणायचे वाण मुळात किती वेगळे आहेत, हा खरा प्रश्न. अमेरिकेत १९४७ ते १९८८ या काळात आलेल्या सार्वजनिक वाणांची वंशावळ तपासली, तेव्हा ९५ टक्के जनुकं अवघ्या ३५ पूर्वजांकडून आलेली निघाली. आपल्याकडेही १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरला चाचण्या झाल्या त्या ब्रॅगसारख्या अमेरिकी वाणांच्याच. चीनमधलं रानटी सोयाबीन वेलीसारखं पसरतं, दाणा बारीक आणि काळा. त्याच्यापासून माणसाने आजचं पीक घडवलं, पण निवड करता करता निम्म्याच्या आसपास विविधता मागेच राहिली. ती किती मोलाची आहे? १९५४ साली नॉर्थ कॅरोलिनात सोयाबीनच्या मुळांवर सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणारा बारीक जंत, सापडला, तेव्हा प्रतिकारशक्ती मिळाली ती पेकिंग नावाच्या काळ्या दाण्याच्या जुन्या वाणात. तेलगिरणीच्या हिशेबाने त्या दाण्याला कोणी भाव दिला नसता. मध्य प्रदेशातलं आपलं कालीतूरही असंच, दाणा काळा, पण साठवणीत उगवण टिकवणारं. पिवळ्या सोयाबीनची उगवण पुढच्या मृगापर्यंत कशी घसरते, हे ज्याने गोदाम सांभाळलंय त्याला विचारा.

हे कळत गेलं तसं आम्ही ठरवलं, एका वाणावर धंदा उभा करायचा नाही. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांचं पैदासकार बियाणं, म्हणजे वाणाचं मूळ शुद्ध बियाणं, घेऊन वाढवायला लागलो. आज हलक्या जमिनीला आणि उशिरा पेरणीला जेएस ९३०५ देतो, तो ९० दिवसांच्या आत-बाहेर निघतो. मध्यम जमिनीला परभणीचा एमएयूएस ६१२. भारी जमीन आणि विहिरीचं एखादं पाणी असेल तर फुले संगम. तो शंभरावर चार-पाच दिवस घेतो, पण पानांवरच्या तांबेरा रोगाला चांगलं तोंड देतो. पाच एकरवाल्याला आम्ही दोन वाण घ्यायला लावतोच. सुरुवातीला लोकांना वाटायचं, दुकानातला माल खपवतोय. मग बांधाला बांध लावून प्लॉट टाकले, पोळ्यानंतर शेतकऱ्यांना बोलावून शेंगा मोजायला लावल्या.

एवढे वाण सांभाळणं खर्चिक आहे. प्रत्येक वाणानंतर मळणी यंत्र आणि ग्रेडर झाडून साफ करायचा, शेतात भेसळीची झाडं फुलाच्या रंगावरून आणि शेंगेवरच्या लवीवरून उपटायची. सोयाबीनची साल पातळ, अंकुर तिच्या लगेच खाली, त्यामुळे मळणीचा वेग कमी ठेवायचा आणि पोती उंचावरून आपटायची नाहीत. हमाल मंडळी आता स्वतःच नव्या माणसाला हे बजावतात. उगवण सत्तर टक्क्यांच्या खाली आलेला लॉट आम्ही बियाणं म्हणून विकत नाही, तो मिलला जातो.

येत्या खरिपात जुन्या वाणांसाठी एक वेगळा वाफा राखतोय. कोणाच्या घरी काळ्या दाण्याचं सोयाबीन अजून पेरलं जात असेल, तर मूठभर द्या. बदल्यात हव्या त्या वाणाची बॅग घेऊन जा.