बावीसपैकी बावीस

ओकायामा, जपान, रविवार, रात्री दहा

आज कोराकुएन बाग पाहिली. गेले आठ महिने हे नाव माझ्या तोंडात आहे. पालकसभेत, व्हिसाच्या कागदांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्यामुळे फाटकातून आत शिरताना ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं. तसं घर ओळखीचंच. सिंहगड रस्त्यावरचं आमचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचं दुसरं नाव. तिथला ओढा कालव्याच्या पाण्याचा. इथे कडेनं आसाही नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर काळा किल्ला उभा आहे. आठवीतली एक जण टेकाडावर चढून म्हणाली, "बाई, आपली बाग हिची धाकटी बहीण ना?" हो, आणि धाकटी म्हणजे केवढी धाकटी. ही बाग पुरी झाली १७०० साली. मी हे सांगते न सांगते तोच मागून आवाज आला, "त्याच वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर वारले." आमचा नववीतला इतिहासवेडा. इतका आनंद झाला! वर्गात चार वर्षं शिकवून जे हाताला लागत नाही ते कधीकधी असं परक्या मुलखात अवचित मिळतं.

किल्ल्याला काळ्या रंगामुळे इथले लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात. "बाई, खरा जुना आहे?" जुना होता तो जळाला. २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामावर विमानांतून आगबॉम्ब पडले, त्यात. आज दिसतो तो १९६६ मध्ये पुन्हा बांधलेला. मुलं गप्प झाली. युद्ध हिरोशिमाला भेटणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं; ते दोन दिवस आधीच, बागेच्या कडेला उभं असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. कार्यक्रम आखताना माझ्याही नव्हतं.

पालकांच्या गटावर रात्रीचा निरोप टाकला: बावीसपैकी बावीस, सगळे सुखरूप. लगेच उत्तरं आली. "जेवला का?" "भात मिळाला का?" "दुपारचं संपवलं का तिने?" रोज हेच. मी अंगठ्याचं चित्र टाकते आणि फोन पालथा ठेवते.

हिरोशिमा, सोमवार

थोडक्यात, कारण डोळे मिटतायत. शिनकानसेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, स्टेशनात मिनिटभर थांबते, फार तर दीड. बावीस मुलं, चोवीस बॅगा. आम्ही काल हॉटेलच्या आवारात तालीम केली होती. फलाटावर डब्याच्या दाराची खूण असते तिथे अकरा-अकराच्या दोन रांगा, एका दारी विज्ञानाचे सर, दुसऱ्या दारी मी. सगळे चढले. दार बंद झाल्यावर मोजलं, बसल्यावर मोजलं, पाऊण तासाच्या आत हिरोशिमाला उतरल्यावर पुन्हा मोजलं.

खाण्याचं अवघड आहे. मासे न खाणाऱ्यांना इथल्या साध्या सुपाचंही काही सांगता येत नाही, रस्सा माशाच्या अर्काचा असतो. आठ जणांची गाडी ओनिगिरीवर चालली आहे, आंबट आलुबुखारासारखं काहीतरी आत भरलेले भाताचे त्रिकोण. शिवाय दिवाळीचा फराळ. चकल्यांचा चुरा झाला तरी संपत आल्या.

बॅगेतली पाखरं आज मोजून ठेवली. मुलांनी जुन्या वह्यांच्या पानांचे चौकोन कापून हजार कागदी क्रौंच घडवलेत, पंचवीस माळा. त्यातले दीडशेच्या वर एकटीनं घडवले ती मुलगी आमच्याबरोबर नाही. जन्मदाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, आणि दुरुस्ती होईपर्यंत पासपोर्टची तारीख निघून गेली. माजी विद्यार्थ्यांनी तिचे पैसेही भरले होते. एका मुलामागे पावणेदोन लाख म्हणजे आमच्या शाळेत थोडे नाहीत. नऊ मुलं त्यांच्याच आधारावर आलीत. आणि तिची जागा कागदाच्या एका ओळीपायी रिकामी राहिली. हे कागद मी जूनमध्येच तपासायला हवे होते. सप्टेंबरात तपासले.

हिरोशिमा, मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

सकाळी ट्रामनं गेलो. ट्राममध्ये सरांनी मुलांना सांगितलं, की बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, या शहरात एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. आणि पुरुष लढाईवर गेल्यामुळे त्या काळात ट्राम चालवायला, तिकिटं फाडायला शाळकरी मुली होत्या. ट्राम कंपनीनं त्यांच्यासाठी वेगळी शाळाच काढली होती. "केवढ्या मुली?" "चौदा, पंधरा, सोळा." आमच्या नववीच्या मुली चालकाच्या पाठीकडे बघत राहिल्या.

बॉम्बमधून उरलेल्या इमारतीच्या घुमटाचा सांगाडा फोटोत पाहिलेलाच असतो. समोर उभं राहिल्यावर मात्र त्याच्या विटा दिसतात, एकेक. इमारत १९१५ ची, यान लेट्झेल नावाच्या चेक वास्तुविशारदानं बांधलेली, प्रदर्शनांसाठी. बॉम्ब जवळजवळ डोक्यावरच फुटला, जमिनीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. सरांनी इथे थांबून भौतिकशास्त्र सांगितलं: बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं, प्रत्यक्ष विखंडन झालं ते एक किलोच्या आसपास. मग १९४५ सालच्या अखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा सांगितला, सुमारे एक लाख चाळीस हजार. एका मुलानं वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि मधे काहीच लिहिलं नाही. बरोबरीचं चिन्हही नाही.

मुलांच्या स्मारकापाशी पाखरं वाहिली. सदाको सासाकी दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला. रक्ताच्या कर्करोगानं ती १९५५ मध्ये गेली, बाराव्या वर्षी; आजारपणात ती असेच कागदी क्रौंच घडवत होती. स्मारकासाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली ती तिच्या वर्गातल्या मुलांनी, आणि १९५८ मध्ये ते उभं राहिलं. हे मी शाळेत कितीदा सांगितलंय. आज मी सांगितलं नाही. शेजारी पिवळ्या टोप्यांची जपानी शाळा उभी होती, त्यांच्याही सहलीच चालतात इथे. त्यांच्या बाई रांगेच्या कडेनं बोटानं हवेत टिपत चालल्या होत्या. इचि, नि, सान. एवढं जपानी मलाही येतं. त्यांची नजर माझ्याकडे वळली, माझंही बोट हवेतच होतं. दोघी हसलो, वाकून नमस्कार झाला, आणि आकडा चुकू नये म्हणून दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दीडशे पाखरं घडवणारीसाठी तिच्या माळांचा वेगळा फोटो काढून पाठवला. तिचं उत्तर आलं: "बाई, निळ्या कागदाची सगळी माझी."

संग्रहालयाबद्दल नीट लिहायला हवं.

मुलांना काय दाखवावं यावरून पालकसभेत वाद झाला होता. आठवीची मुलं, इतकं भयंकर कशाला, असं काही जण म्हणाले. मी तेव्हा उत्तर दिलं ते पुस्तकी होतं. आज आत गेल्यावर खरं उत्तर समोर काचेत होतं: इथल्या वस्तू ज्यांच्या आहेत ते आठवीतलेच आहेत. आग पसरू नये म्हणून शहरात मोकळे पट्टे पाडायचे, त्यासाठी घरं उतरवायची, आणि कौलं, वासे वाहून न्यायला शाळांच्या खालच्या वर्गांतली मुलं. ६ ऑगस्टला सोमवार होता. सकाळी सव्वाआठला आठ हजारांवर मुलं उघड्यावर काम करत होती. सहा हजारांच्या आसपास गेली. फाटका गणवेश, टोपी, पाण्याची बाटली, पट्टा. आणि शाळेच्या नावाचे तुकडे, छातीवर शिवलेले.

ओरिमेन शिगेरू, वय तेरा, पहिलं वर्ष. त्याच्या आईला तो तीन दिवसांनी सापडला. डबा पोटाशी धरलेला होता. डबा काचेत आहे. आतलं सगळं काळं, भात होता, सोयाबीन होतं, बटाटा होता. सकाळी घरून निघताना तो या डब्यावर खूश होता, असं आईनं नंतर सांगितलं. तेवढ्यानंच माझे पाय थांबले. शिकवायला लागल्यापासून मी रोज मधल्या सुट्टीत डब्यांचे वास ओळखत वर्गातून फिरते; कुणाचा डबा आज जड आहे, कुणी आणलाच नाही, हे मला चेहऱ्यावरून कळतं. हा मुलगा माझ्या वर्गात कुठल्या बाकावर बसला असता हेसुद्धा मला दिसलं.

बाहेर येऊन मोजलं तर एकवीस. पुन्हा मोजलं. एकवीस. सर खाली पाहायला गेले, मी उलट दिशेनं आत. दालनं संपल्यावर एक लांब सज्जा लागतो, सगळा खिडक्यांचा, तिथून बाग, कमानीचं स्मारक आणि लांबवर घुमट एका रेषेत दिसतात. तिथल्या बाकावर आमचा इतिहासवेडा बसला होता. मी अकरा मिनिटं धावत होते. रागवायचं ठरवूनच पोचले होते. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, त्यांच्याबरोबर त्यांचे सर पण होते का?"

होते, मी म्हटलं. कामावर नेणारे शिक्षक बरोबरच असायचे.

पुढे मला बोलता येईना. मी त्याच्या शेजारी बसले. मग दोघं खाली आलो, आणि मी मोजलं. बावीस.

पण प्रश्न तिथेच राहिला नाही. याच बागेत, जरा आडबाजूला, १९७१ मध्ये उभारलेलं एक शिल्प आहे: मेलेल्या मुलाला उचलून धरलेली शिक्षिका. बॉम्बमध्ये गेलेल्या प्राथमिक शाळांच्या शिक्षकांचं आणि मुलांचं ते स्मारक. पायथ्याशी एका हिरोशिमाच्या कवयित्रीच्या ओळी आहेत. अर्थ इतकाच, की ही जाड हाडं शिक्षकाची असावीत, आणि त्यांच्याजवळ लहान लहान कवट्या गोळा झाल्यात. कार्यक्रमात हे स्मारक नव्हतं, मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम वगळलं होतं. आज मीच सगळ्यांना घेऊन गेले. ओळींचा अर्थ मराठीत सांगितला, एकदाच. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे मुलं बाईंकडे धावली?" सर म्हणाले, धावली असतील. किंवा बाई त्यांच्याकडे.

मी अठरा वर्षं हजेरी घेते. सहलीला बसमध्ये चढताना, उतरताना, गडाच्या पायथ्याशी, माथ्यावर मोजते. मोजणं ही कामाची गोष्ट होती, चूक होऊ नये म्हणून. आज त्या दगडासमोर उभी असताना मुलं आपणहून माझ्याभोवती सरकली होती, थंडी होती म्हणूनही असेल. एकीनं माझ्या शालीचं टोक धरलं होतं. मी हलले नाही.

संध्याकाळी ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी-नूडल्सचं जाड धिरडं, खाल्लं, मासे न खाणाऱ्यांचं वेगळ्या तव्यावर करून दिलं, दुकानदारीणबाईंनी न मागता. मुलं पुन्हा बोलायला लागली, भांडायलाही. ते बरं वाटलं.

साडेदहाला खोल्यांवरून फिरले. बावीस. पालकांच्या गटावर निरोप टाकला, पुण्यात तेव्हा सात वाजले होते. नेहमीसारखी उत्तरं आली. इतिहासवेड्याच्या आईनं विचारलं होतं, "दुपारी जेवला का नीट?"

मग मी बसून एकेकाचं लिहिलं. त्यानं दुपारी एकच ओनिगिरी खाल्ली, अर्धी मित्राला दिली, रात्री मात्र दोन वेळा वाढून घेतलं. हिनं नूडल्स बाजूला काढून कोबी संपवला. त्यानं शेवटची चकली वाटून खाल्ली. ती दुपारी जेवलीच नाही, रात्री केळं आणि दूध, आता पोट दुखत नाही. सगळ्यांचं आठवत होतं. बावीस निरोप पाठवून व्हायला तासभर लागला. एका आईनं विचारलं, "बाई, आज एवढं सविस्तर?" तिला उद्या फोन करीन.

सकाळी सात वाजता खाली जमायचं आहे. मियाजिमा बेटाची बोट साडेनऊची.