जात्यावरच्या दोघी आणि नोहाचं तारू

एका जात्यावर दोघी दळायला बसल्या आहेत. समोरासमोर, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. मधूनच एक जण मूठभर दाण्यांची वैरण घालते. त्यातली एक घेतली जाते, दुसरी राहते. बायबलमधल्या मत्तय २४:४१ मधलं हे चित्र ज्यांच्या घरात जातं फिरलंय त्यांना समजावून सांगावं लागत नाही. अडतं ते पुढे. वाचली ती कोण, घेतली गेली ती की राहिली ती?

जगाच्या शेवटच्या काळावरच्या पुष्कळ प्रवचनांत उत्तर ठरलेलं असतं: घेतली गेली ती वर उचलली गेली, राहिली ती संकटात सापडली. पण येशू हे बोलतो ते नोहाच्या, म्हणजे जलप्रलयात तारवात बसून वाचलेल्या माणसाच्या, दिवसांविषयी बोलता बोलता, म्हणून दोन वचनं मागे जावं. वचन ३९ मध्ये जलप्रलय येतो आणि सगळ्यांना वाहून नेतो. म्हणजे नेले गेले ते बुडाले, मागे उरला तो नोहा. लूक १७ मध्ये हेच ऐकून शिष्य विचारतात, ‘प्रभू, कुठे?’ उत्तर गिधाडांचं मिळतं: जिथे शरीर, तिथे ती जमतील. स्वर्गात नेलेल्यांना हे उत्तर लागू करणं अवघड आहे. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही सांगायला हवा. ३९ मध्ये ग्रीक क्रियापद ‘एरो’ आहे, तर ४०-४१ मध्ये ‘पारालाम्बानो’. आणि योहान १४:३ मध्ये ‘तुम्हांला आपल्याजवळ घेईन’ म्हणताना हेच दुसरं क्रियापद येतं. तरी मला गोष्टीचा ओघ एका क्रियापदापेक्षा वजनदार वाटतो.

त्याच उताऱ्यातली आणखी एक गोष्ट सहज निसटते. प्रलयाची मूळ गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात आहे. तिथे, उत्पत्ती ६ मध्ये, पृथ्वी जुलमाने भरलेली आहे, महाकाय पुरुष आहेत. येशू यातलं काहीच घेत नाही. तो म्हणतो, लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते, लावून देत होते. यात एकही पाप नाही. महाकायांवरून आजच्या खुणा शोधणारे नेमकी हीच यादी सोडून देतात.

म्हणून प्रलयातलं चिन्ह तपासताना आधी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, उघडावा आणि त्याने ते स्वतः वापरलंय का ते पाहावं. १ पेत्र ३:२०-२१ मध्ये आठ जण पाण्यातून वाचले आणि ते पाणी बाप्तिस्म्याचा नमुना ठरलं. २ पेत्र ३ मध्ये पूर्वीचं जग पाण्याने बुडालं, आताचं अग्नीसाठी राखलेलं आहे. हे दोन खांब पक्के. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकातच त्या आठ जणांचा संबंध आठव्या दिवसाशी, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवसाशी लावला. रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या चित्रांत तारू म्हणजे जेमतेम एक झाकणाची पेटी. ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच असं काहीच नाही. नोहा कमरेपर्यंत पेटीत, हात पसरून प्रार्थना करतोय. मृताच्या कबरीजवळ हे चित्र का काढलं, ते लगेच कळतं. मराठीत तर तारू, तारण, तारणारा हे शब्दच एका घरातले.

आकड्यांत मात्र घसरगुंडी आहे. तारू सातव्या महिन्याच्या १७ तारखेला अराराटच्या डोंगरांवर टेकलं (उत्पत्ती ८:४). निर्गम १२:२ मध्ये वर्षारंभ बदलला, म्हणून तो जुना सातवा महिना म्हणजे यहुदी पंचांगातला वसंतातला निसान, आणि १७ निसानला येशू उठला, असं सांगितलं जातं. यात दोन गृहीतं दडलेली आहेत. एक, उत्पत्तीतलं वर्ष शरद ऋतूत सुरू होतं. दोन, वधस्तंभाचा शुक्रवार १५ निसान होता. पहिल्या तीन शुभवर्तमानांवरून तसं निघतं. योहानावरून तो १४ ठरतो आणि रविवार १६. ‘१२० वर्षं’ (उत्पत्ती ६:३) म्हणजे १२० योबेल (दर पन्नासावं मुक्ततेचं वर्ष), गुणिले ५०, म्हणून जगाची ६,००० वर्षं, हे गणित त्याहून कच्चं: त्या वचनात योबेलाचं नावही नाही.

दाराचं प्रतीक जपून हाताळावं. परमेश्वराने दार बाहेरून लावलं (उत्पत्ती ७:१६), आणि येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यातही दार बंद होतं. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला येशूची वाट पाहिली. तो आला नाही तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी कृपेचं दारच त्या दिवशी बंद झालं असं मानलं. दोन्हीकडे दार आत घेतलेल्यांनी लावलं असं म्हटलेलं नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं.

शेवटी धनुष्य. उत्पत्ती ९:१३ मधला हिब्रू शब्द ‘केशेत’ युद्धातल्या धनुष्यालाही वापरतात. ‘इंद्रधनुष्य’ म्हणताना आपणही तेच म्हणतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरण ६:२ मधल्या घोडेस्वाराच्या हातातलं धनुष्य याच्याशी जोडू नये, तिथे रंगांचा, मेघांचा किंवा कराराचा पत्ताच नाही. खरा दुवा दोन अध्याय आधी, ४:३ मध्ये आहे: राजासनाभोवती पाचूसारखं मेघधनुष्य. न्यायाच्या गुंडाळीवरचे शिक्के फुटायला अजून सुरुवातही झालेली नाही.